काटेमास्तरांची लांब दांडी

काटेमास्तरांना प्रश्न विचारायचा म्हणजे आधी अपमान पचवायची तयारी ठेवायची. पंप आणि मोटर बसवणारा एवढा जाणता फिटर त्या कारखान्यात दुसरा नव्हता, आणि ही गोष्ट सगळ्यांत आधी त्यांना स्वतःलाच ठाऊक होती.

"मास्तर, आधी पाइप जोडायचा की आधी पंप मोटरच्या रेषेत आणायचा?" एका नव्या इंजिनिअरनं विचारलं.

मास्तरांनी चष्मा कपाळावर ढकलला. "आधी डिग्री परत करायची, साहेब. मग पंप रेषेत आणायचा. मग पाइप जोडायचा. आणि मग पुन्हा काटा लावून बघायचं, पाइपानं पंपाला ओढलं तर नाही ना."

कुणी विचारलं, पंपाचा एक पाय टेकत नाही, बोल्ट जोरात आवळून बसवू का? "आवळ की. बूट लहान झाला तर पायसुद्धा तासत असशील." पायाखाली पत्र्याचा पातळ तुकडा किती जाडीचा सरकवायचा, हे मग ते मोजून दाखवत. आणि शेवट ठरलेला असे: "जमत नसेल तर छत्र्या दुरुस्त कर." उत्तर नेहमी बरोबर निघायचं, म्हणून लोक ऐकून घेत. दुभत्या गाईच्या लाथा गोड, दुसरं काय.

दिवसभर डायल गेजच्या, म्हणजे केसभर फरक दाखवणाऱ्या घड्याळासारख्या मापाच्या, काट्यावर डोळा लावून बसणारा माणूस, म्हणून नाव पडलं काटेमास्तर. त्यांचं खरं नाव हजेरीच्या पुस्तकात आणि बायकोच्या तक्रारीत तेवढं उरलं होतं.

पाइपवाल्यांचा तर त्यांना मनस्वी तिटकारा. पाइपाच्या टोकाच्या चकत्यांची, फ्लँजची, भोकं जुळली नाहीत की हे साखळीचा चेन ब्लॉक लावून पाइप खेचणार, बोल्ट हातोड्यानं आत घालणार, आणि पंप बिचारा जन्मभर कण्हत राहणार. "आडदांड जमात," ते म्हणत. नशिबाची चेष्टा अशी की एकुलत्या एक मुलीनं नवरा निवडला तो पाइपवाला. लग्नाआधी दोन वर्षं त्यानं मास्तरांच्याच हाताखाली काढली होती, पण मास्तरांच्या लेखी तो बाटलेला माणूस होता. घरी जेवताना "जावईबापू, आणखी घ्या," आणि कामावर "ओ पायपिंग!" जावई दोन्हीकडे मान हलवून गप्प बसे. तेही मास्तरांना आवडत नसे.

यंदा नव्या मोठ्या पंपाची पाइपलाइन त्या जावयाकडे आली. पहिल्यांदाच सगळी टोळी त्याची, सगळी जबाबदारी त्याची. साहेबांनी बजावून ठेवलं होतं, जोड कापायची वेळ आली तर पुढच्या कामावर मुकादम दुसरा असेल.

पंप मास्तरांनी बसवला. या पंपाच्या आणि मोटरच्या मध्ये दोघांना जोडणारा हातभर लांबीचा तुकडा होता. मास्तरांची जुनी आखूड दांडी, जिच्या टोकाला ते डायल गेज लावत, ती पोचेना. त्यांनी स्टोअरमधून लांब दांडी आणून लावली. कंपनीनं दिलेलं रेषा जुळवायचं लेझरचं यंत्र पेटीबाहेरसुद्धा काढलं नाही. "उजेड पाडून पंप बसत नसतो," म्हणाले. दोन दिवस खपून त्यांनी काटा वर, खाली, दोन्ही बाजूंना शून्यावर आणला आणि सुटीवर गेले. ते नसताना जावयानं पाइप जोडला. मास्तर परत आले त्या सकाळी साहेबांनी घाईघाईनं, त्यांना पुन्हा काटा लावू न देताच, पंप सुरू केला.

दहा मिनिटांत जमीन हादरू लागली. बेअरिंगला हात लावला तर चटका बसला. पंप बंद केला.

मास्तर जागचे हलले नाहीत. लांबूनच निकाल दिला. "पाइपानं ओढलंय. मी नसताना खेचून बसवलाय. कापा तो जोड." आणि जावयाकडे वळून म्हणाले, "छत्र्या दुरुस्त करा तुम्ही."

साहेबांनी गॅस कटरवाल्याला बोलावलं. जावयाच्या टोळीतली आठ माणसं खाली बघत उभी राहिली.

"मामा," जावई म्हणाला, "कापायच्या आधी काटा लावून जोडाचे बोल्ट ढिले करू. पाइप ताणलेला असेल तर काटा उडेल."

हा नियम मास्तरांचाच, तेव्हा नाही कसं म्हणणार? पंप निवल्यावर काटा लावला. एकेक बोल्ट ढिला झाला. काटा हलला नाही. मास्तरांनी काचेवर टिचकी मारली. तरी हलला नाही. शेवटचा बोल्ट तर जावयानं दोन बोटांनी फिरवून बाहेर काढला. दोन्ही फ्लँज समोरासमोर सरळ उभ्या होत्या. मास्तरांना मनातून मानावं लागलं की असा जोड त्यांनी क्वचितच पाहिला होता, आणि त्याचाच त्यांना फार राग आला.

"मग पंप का हादरतोय?" साहेबांनी विचारलं.

जावयानं आवाज खाली घेतला. "मामा, ही दांडी किती झुकते?"

मास्तरांनी दांडीचं टोक बोटानं दाबून पाहिलं. लांब दांडी स्वतःच्याच वजनानं टोकाला झुकते. वर धरली तर एक सांगते, खाली फिरवली तर दुसरं. म्हणून आधी ती एका जाड सरळ पाइपावर बांधायची, फिरवायची, झुकाव किती तो लिहून ठेवायचा आणि मापातून वजा करायचा. हाताखाली आलेल्या प्रत्येकाला त्यांनी पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं. जुन्या आखूड दांडीचा झुकाव नसल्यातच जमा, त्यामुळे स्वतः मोजायची त्यांची सवय कधीच सुटली होती.

दांडी पाइपावर बांधली. वर काटा शून्य. खाली फिरवला तर बावीस घरं मागे. म्हणजे मास्तरांनी आणलेला शून्य खोटा होता; पंप रेषेत नव्हताच.

जावईच साहेबांना म्हणाला, "दांडी स्टोअरची होती, साहेब. तिच्यातच दोष."

ही दया मात्र मास्तरांना सोसवली नाही. "दांडीत काही दोष नाही," ते म्हणाले. "मी मोजली नाही. आणि याचा जोड न बघता कापायला लावत होतो. याचा जोड चोख आहे, साहेब, तसं लिहा." कटरवाल्याला त्यांनी हातानंच जा म्हणून खुणावलं. मग टोळीकडे बघून म्हणाले, "हा पंप नीट बसवतो आणि मग मी छत्र्या दुरुस्त करायला मोकळा."

आठ जणांनी हसू दाबलं. जावयानं दाबलं नाही.

"आमच्या घरात दोन मोडक्या आहेत, मामा," तो म्हणाला. "उद्या आणतो."

इतक्या वर्षांत हा माणूस पहिल्यांदा उलटून बोलला होता.

"आण," ते म्हणाले, आणि पंपाचे बोल्ट सोडायला जमिनीवर आडवे झाले. जावयाला 'ओ पायपिंग' म्हणायचं त्या दिवसापासून बंद झालं.