मागच्या सीटखालचा कॉक

या सदरातले अनुभव मी आजवर जेवताना वाचले आणि ताट उचलताना विसरले. आवाज, सावल्या, स्वप्नात येणारी माणसं... माझा विश्वास कधीच नव्हता. आजही बसलाय असं नाही. पण एक गोष्ट माझ्यासोबत भर सकाळी, अंगणात, हाताला ग्रीस लागलेलं असताना घडली आणि ती कुठेच नीट बसत नाही. म्हणून लिहिते आहे.

मी धारला राहते. वय चौपन्न, लग्न केलं नाही. पीथमपूरच्या एका कारखान्यात बाहेरून येणारा माल तपासण्याचं काम सव्वीस वर्षं करते आहे. शिफ्टच्या बसने जाते, शिफ्टच्या बसने येते. घरात मी एकटी, आणि मागच्या शेडमध्ये वडिलांची काळी अँबेसेडर.

म्हणायला वडिलांची, पण खरी ती दादाची. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. नोकरी देवासला केली, तिथेच स्थायिक झाला. दसऱ्याला तो आणि वहिनी धारला यायचे. गाडीला हार-कुंकू, चाकाखाली लिंबू, मग दादा ती गावाच्या हद्दीबाहेर नेऊन सीमोल्लंघन करायचा, येताना टाकी काठोकाठ भरायचा आणि वर्षभरासाठी शेडमध्ये लावून ठेवायचा. भरलेल्या टाकीला आतून गंज लागत नाही, हा वडिलांचा नियम. मला बॉनेटला हात लावायची परवानगी नव्हती. "तू तुझे नटबोल्ट मोज, नंदे," म्हणायचा.

नियम जुन्या पेट्रोलसाठी बरोबर होता. आताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलला तो उलटा पडतो. ते हवेतली ओल ओढून घेतं आणि जुनं रबर खातं. हे मला फार उशिरा कळलं.

मागच्या दसऱ्याच्या पंधरा दिवस आधी दादाला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. पूर्ण गेलं. आधी हा माणूस भाजी आणायला गेला तरी भाजीवाल्याला तराजू कसा धरायचा ते शिकवून यायचा. आता घशातून नुसता एक आवाज, तोही कधीतरी. स्पीच थेरपिस्ट म्हणाल्या, ओळखीचे आवाज ऐकवत राहा, एखादा शब्द निसटून येतो. पण वर्ष उलटलं की फारशी आशा धरू नका. वहिनींनी आरत्या ऐकवल्या, पुण्याच्या लेकीचे फोन ऐकवले, शेजारच्यांच्या घरची भांडणंसुद्धा खिडकी उघडून ऐकवली. काही नाही. आठ महिने झाले तेव्हा त्यांचा फोन आला.

"वन्सं, गाडी आणता येईल का हो इकडे? तिचा आवाज ऐकला तर कदाचित..."

मी म्हटलं, आणते.

गाडी वीस महिने उभी होती. इक्बालभियाला बोलावलं. आमच्या भागातला जुना मेकॅनिक, साठीचा. त्याने टाकीचं झाकण काढून वास घेतला आणि तोंड फिरवलं. "बेनजी, ये गाड़ी नहीं, अचार की बरनी है. साल में एक बार खोलते हो, फिर बोलते हो खराब कैसे हुआ."

वास वार्निशसारखा होता. आम्ही पेट्रोल काढून काचेच्या बाटलीत भरलं आणि ठेवून दिलं. तासाभरात खाली चार बोटं पाणी वेगळं झालं. पहिला रविवार टाकी उतरवून धुण्यात गेला. दुसऱ्या रविवारी पंप उघडला. आतला पडदा पापडासारखा कडक झालेला, तो बदलला. रबरी नळ्या दाबल्या की बोटाला काळं चिकटायचं, जेवढ्या दिसल्या तेवढ्या बदलल्या. कार्बोरेटरच्या जेटमध्ये हिरवट थर बसला होता, तो काढला. संध्याकाळी चारला गाडी चालू झाली. इक्बालभियाने माझ्याकडे असं पाहिलं जसं काही मुलगाच झाला.

सात मिनिटांनी बंद पडली.

वीस मिनिटं थांबलो, पुन्हा चालू केली. पुन्हा सात मिनिटं. मी घड्याळ लावून पाहिलं. टाकीचं झाकण उघडं ठेवून पाहिलं, म्हणजे आत हवा अडकते आहे का ते कळावं. तेच. पंपाकडे येणारी नळी सोडून बाटलीत पाहिलं — पेट्रोल आधी बोटाएवढं जाड यायचं, मग दोऱ्याएवढं. म्हणजे अडथळा टाकी आणि पंप यांच्यामध्ये कुठेतरी. इक्बालभियाने पंपाच्या बाजूने हवा मारली, तर टाकीत मस्त बुडबुडे. "लाइन तो साफ है," तो म्हणाला. गाडीखाली दोनदा आडवा झाला. पाइप मागून चासीच्या आड जातो आणि पुढे निघतो, एवढंच दिसत होतं.

"बेनजी, खड़े-खड़े मर गई ये. भाईसाब को मोबाइल पे आवाज सुना दो, क्या फरक पड़ता है."

खरं तर ते सुचायला हवं होतं. तिसऱ्या रविवारी सकाळी अकराच्या सुमारास इक्बालभिया दुसऱ्या पंपाच्या शोधात बाजारात गेला होता, तेव्हा मी वहिनींना फोन लावला. त्या म्हणाल्या, थांबा, त्यांच्या कानाला लावते. मी गाडी चालू केली आणि मोबाइल इंजिनशेजारी ठेवला. सात मिनिटं गाडी चालली, मग आचके देत थांबली. मी हात पुसले, मोबाइल कानाला लावला आणि वैतागून म्हटलं, "ऐकलंस ना दादा? परत मेली."

"मागची सीट उचल, नंदे. डावीकडे कॉक आहे पेट्रोलचा. त्याचं रबर सुजलं असेल. पक्कड लावू नकोस, हाताने फिरव."

आवाज दादाचा. थोडा चिडलेला, नेहमीसारखा. मी "बरं" म्हटलं, फोन टपावर ठेवला आणि सीट उचलायला गेले. आठ महिने न बोललेला माणूस बोलला, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. इतकं ते साधं होतं.

सीटखाली जुनं गोणपाट. गोणपाटाखाली पत्र्याला दोन भोकं, एकातून पेट्रोलचा पाइप वर आलेला, दुसऱ्यातून परत खाली गेलेला, आणि मध्ये स्कूटरला असतो तसा पितळी कॉक. चोरांसाठी बसवलेला असणार. बंद केला की गाडी थोडी चालून थांबणार. हाताने फिरवला तर फिरला. पान्याने खोलला तर आतलं रबर फुगून जिभेसारखं लोंबत होतं. पंपाने ओढलं की ते तोंडावर बसायचं, उलट बाजूने हवा मारली की बाजूला व्हायचं. सात मिनिटांचं सगळं कोडं माझ्या तळहातावर होतं.

आणि तेव्हा मला कळलं मी कुणाचं ऐकून सीट उचलली ते.

फोन अजून चालू होता. "वहिनी! दादा बोलला!"

"केव्हा?"

"आत्ता! आत्ता माझ्याशी बोलला, कॉक कुठे आहे ते सांगितलं!"

त्या हळू म्हणाल्या, "वन्सं, फोन माझ्या हातात होता. मी त्यांच्या तोंडाकडेच बघत होते सारखी. ओठ नाही हलले हो." आणि लगेच, फोन बाजूला करून, "अहो... नंदावन्संशी बोललात तुम्ही? मग मला पण म्हणा ना काहीतरी. सुधा म्हणा. अहो, नुसतं सु तरी म्हणा..."

मी फोन बंद केला. ऐकवत नव्हतं.

इक्बालभिया परत आला, कॉक हातात घेऊन बघत राहिला. "बीस साल से ये गाड़ी मैं देख रा हूँ. किसने बताया?" मी म्हटलं, दादाने. "हओ," म्हणाला, आणि पाना उचलला. कॉक काढून आम्ही सलग पाइप टाकला. गाडी तासभर चालली.

पुढच्या रविवारी मी ती देवासला नेली. शंभरेक किलोमीटर, इंदूरचा बायपास, भर ऊन. एकदाही थांबली नाही.

वहिनींनी दादाला व्हीलचेअरवरून फाटकापाशी आणलं होतं. मी इंजिन चालू ठेवलं, बॉनेट उघडलं. दादाने गाडीकडे पाहिलं, जसं रस्त्यावरच्या कुठल्याही गाडीकडे पाहावं. वहिनींनी त्याचा डावा हात मडगार्डवर ठेवला. पत्रा तापला होता. त्याने हात काढून घेतला आणि मांडीवर ठेवला. बस. अर्धा तास मी एक्सिलेटर देत राहिले. शेजारी येऊन फोटो काढून गेले.

वहिनी दादाला आत घेऊन गेल्या. मागून मी आत आले तर टेबलावर चहाचा कप, साय धरलेला. दादा त्या कपाकडे बघत होता.

"हा त्याचा?" मी विचारलं.

"हो. आठवडा झाला, मी ठरवलंय," वहिनी म्हणाल्या. डोळ्यांखाली काळं. "चहा म्हटल्याशिवाय चहा नाही. पाणी आणि औषध मात्र देते. तुमच्याशी बोलले ना ते? म्हणजे येतं त्यांना. मग माझ्याशीच का नाही, वन्सं? चाळीस वर्षं झाली. आठ महिने मी यांचं सगळं करतेय. आणि बोलले ते गाडीसाठी?"

त्या ओरडल्या नाहीत. पदराने टेबल पुसत बोलत होत्या, जिथे पुसण्यासारखं काही नव्हतं. "खरंच बोलले होते ना? खरं सांगा."

मी दादाकडे पाहिलं. ओठ कोरडे होते.

"नाही, वहिनी," मी म्हटलं. "मला भास झाला. कॉकचं मला ठाऊक होतं. लहानपणी दाखवला होता त्याने, ऐन वेळी आठवलं."

"असं होय," त्या म्हणाल्या. मग कप उचलून आत गेल्या, चहा गरम करून आणला आणि चमच्याने पाजायला लागल्या. दादा घाईघाईने प्यायला, ठसका लागेपर्यंत. पुढच्याच आठवड्यात त्यांनी थेरपिस्टना यायचं बंद करायला सांगितलं.

वहिनी खातेगावच्या, हिंदी शाळेत शिकलेल्या. मराठी छान बोलतात, पण वाचत नाहीत. म्हणून हे इथे लिहू शकते आहे.

कॉक मला ठाऊक नव्हता. दादाने तो बसवला तेव्हा मी धारमध्ये नसेन, किंवा झोपलेली असेन, मला सांगता येत नाही. पण लहानपणी मला कुणीही काही दाखवलं नव्हतं. उन्हाचा, थकव्याचा भास म्हणावं, तर भासाला रबर सुजल्याचं कसं कळलं? आणि तो खरंच बोलला म्हणावं, तर दीड हातावर बसलेल्या वहिनींना ऐकू का आलं नाही? मी दोन्ही बाजूंनी तपासून पाहिलं. उत्तर नाही. वाचकांपैकी कुणाकडे असेल असंही वाटत नाही.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. तो बोलला असेल, तर आत सगळं शाबूत आहे. नावं, डावी-उजवी बाजू, माझ्यावरचा वैताग, सगळं. तो बोलतच असेल, रोज, आणि ते कुणापर्यंत पोचत नसेल. ऐकण्यासाठी कान लावून बसलेलं एकच माणूस होतं त्या घरात. ‘भास झाला’ सांगून वहिनींना तिथून उठवलं ते मी.