केक हिनं केला

“हिनं केला जी. मी नुसता डब्बा आणून राह्यलो.” वाढदिवसाच्या घरी दारात उभं राहून आमच्या शेजारचे भाऊजी एवढंच म्हणायचे, डबा टेकवायचे आणि दोन्ही हात पाठीमागं न्यायचे.

हात लपवायचं कारण नखं. आमच्या वणीत कोळशाच्या खाणीवरच्या माणसाची नखं पांढरी कुठली दिसायला! हे तर डंपर चालवायचे. पण ज्या दिवशी त्यांच्याकडून केक यायचा, त्या दिवशी यांची नखं लिंबानं घासून नवरदेवासारखी लखलखीत. तुम्ही असता तर तुम्हीही ओळखलं असतं. सगळ्या गल्लीनं ओळखलं होतं, बोलत कोणी नव्हतं.

आणि लपणार तरी कसं? वहिनी, म्हणजे त्यांची बायको, दुपारी माझ्या ओसरीवर वाती वळत बसायच्या आणि शेजारच्या त्यांच्याच घरातून बीटरची घरघर यायची. मी मुद्दाम विचारायचे, “काय हो वहिनी, घरी कोण आहे?”

“हे आहेत. झोपून राह्यले.”

मी म्हणायचे, घोरतात बाई जोरात! वहिनी मान खाली घालायच्या.

घराच्या खिडक्या लावलेल्या, पंखा बंद, कारण कोळशाची धूळ उडून क्रीमवर बसते. मे महिन्यात त्या भट्टीत बर्फावर लोण्याचं भांडं ठेवून हा माणूस क्रीम फेटायचा. तीन थर, मधे पिस्ता, वर फिकं हिरवं बटरक्रीम. दुकानातला केक त्यापुढे झक मारतो.

मग एवढी लाज कसली? वहिनींनीच एकदा सांगितलं. फार पूर्वी ते खाणीवर केक घेऊन गेले होते, मी केला म्हणून मोठ्या हौसेनं सगळ्यांना सांगितलंही होतं. दुसऱ्या दिवशी डंपरच्या सीटवर कोणीतरी हिरव्या बांगड्या ठेवल्या.

“तवापासून माह्या नावावर करतात,” वहिनी म्हणाल्या. “बाया माह्यं कौतुक करतात, अन् मले चोरी केल्यावानी वाटते. एकदा, फक्त एकदा चार लोकात म्हणावं यायनं, मी केला म्हणून. मंग मी सुटली.”

माझ्या मुलीच्या वाढदिवसाला मी एक डाव टाकून पाहिला. सगळ्या बायकांसमोर विचारलं, “वहिनी, तुमच्या पिस्त्याला तेल कसं सुटत नाही हो?” वहिनी नवऱ्याकडे पाहायला लागल्या. दारातून उत्तर आलं, “वाटताना थोडी साखर टाकाची जी, अन् मिक्सर थांबत थांबत फिरवाचा, नाही त...” सगळ्या बायका वळल्या. ते कानापर्यंत लाल झाले. “असं ही म्हणत असते,” म्हणाले आणि चपला उलट्यासुलट्या घालून पळाले. आम्ही पोट धरून हसलो. वहिनी हसल्या नाहीत.

त्याच हिवाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि वहिनी गेल्या. बीटरचा आवाज बंद झाला. पुढच्या मे महिन्यात मुलीसाठी मी दुकानातून केक आणून ठेवला.

संध्याकाळी बघते तर दारात ते. हातात डबा. पाहुणे दाराकडे वळले. मी झाकण उघडलं. तेच तीन थर, तेच हिरवं क्रीम, ताजं, कडेनं जरासं वितळायला लागलेलं. मला वाटलं, आता म्हणतील. जिवाचे कान करून मी उभी राहिले.

“हिनं केला जी.”

सवयीनं तोंडातून निघून गेलं, आणि मग त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. कोणी कोणाकडे पाहीना. मी गल्लीतली सगळ्यात तोंडाळ बाई. “भाऊजी, आता तरी सांगा,” एवढंच मला म्हणायचं होतं. वहिनींसाठी म्हणायला हवं होतं. पण त्या माणसाची खाली गेलेली मान पाहिली आणि शरमेनं माझीच जीभ उचलेना. शेवटी बोलले ते भलतंच.

“वहिनींना सांगा, नेहमीसारखाच झालाय.”

त्यांनी वर पाहिलं नाही. “सांगतो जी,” म्हणाले, आणि ती पांढरी नखं मुठीत मिटून घेतली.