मागच्या खोलीतला गाळ

आमच्या गावच्या एसटी थांब्यावर एक मावशी राहायच्या. राहायच्या म्हणजे खरोखरच राहायच्या. पत्र्याची शेड, सिमेंटचा बाकडा आणि बाकड्याखाली एक बोचकं, एवढाच संसार. पलूसच्या गाडीतून उतरलं की आपण पिशव्या सावरत घराकडं सुटायचं, आणि त्या तिथंच बसलेल्या असायच्या. उसाच्या भांगलणीला, तण काढायला जायच्या, कुणापुढं हात पसरायच्या नाहीत. म्हणून गावानं धरूनच चाललेलं की बाईचं बरं चाललंय. थांब्यावर झोपणाऱ्या बाईचं बरं कसलं डोंबलाचं चालतंय!

मग कृष्णेचं पाणी गावात शिरलं. होडीत मावशी माझ्या शेजारीच होत्या, बोचकं पोटाशी धरून. माळावरच्या शाळेत आम्हा सगळ्यांना नेऊन टाकलं. पाच एकर बागायतवाले आणि थांब्यावरच्या मावशी एकाच सतरंजीवर, एकाच पातेल्यातली खिचडी खाणारे. तिथं जो तो भेटंल त्याला एकच विचारायचा, “तुमच्यात किती आलंय?” कुणाच्यात गुडघाभर, कुणाच्यात पार माळ्यापर्यंत. हा प्रश्न जवळ आला की मावशी पाणी आणायला म्हणून उठायच्या. दोन-तीनदा बघितलं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला, सांगायला घरच कुठं होतं त्यांना!

हळूहळू त्या माझ्याशी बोलायला लागल्या. शिराळ्याकडच्या. नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, दिरांनी घराला कुलूप घातलं. मग कधी देवळाची ओवरी, कधी बाजारातला कट्टा. तिथून कुणी ना कुणी हाकलायचंच. झोपताना उशाला दगड आणि बोचक्याची गाठ पायाला, म्हणजे कुणी ओढलं तर जाग यावी. मी म्हटलं, थंडीत कसं काढत होता? तर म्हणाल्या, “थंडीचं काय न्हाई गं. माणसाचं भ्या वाटतं.”

शाळेत मदत लय आली. काही जण मात्र एका चादरीला चौघांनी हात लावून फोटो काढायचे आणि मावशींना म्हणायचे, जरा हसा. मी अशी भडकले की त्यांनी फोन खिशात घातले. मदत करा, पण माणसाला फोटोसाठी उभं करू नका, एवढंच माझं म्हणणं होतं. पुढं नुकसानीची नोंद करायला माणूस आला. बिचारा भला होता. पण ज्याला घरच नाही त्याच्या घरात पाणी शिरलं असं तो तरी कसं लिहिणार? मावशी रांगेतून आपणहून बाजूला झाल्या.

पाणी ओसरलं, शाळा रिकामी व्हायला लागली. मावशी फाटकाशी उभ्या. थांब्याची शेड तर पुरानं पत्र्यासकट नेली होती. मी म्हटलं, चला आमच्यात, गाळ काढायला माणूस कमी पडतंय. ते खोटंही नव्हतं. सासूबाईंचे गुडघे धरलेले, नवरा टेम्पो घेऊन गावभर लोकांचं सामान वाहतोय, आणि घरात गाळ पोटरीपर्यंत. त्या आल्या आणि पदर खोचून फावड्यालाच भिडल्या.

आमचं झालं की शेजारच्यांचं, मग पलीकडच्यांचं. ज्या घरात काम, त्या घरात जेवण आणि झोप. सगळी गल्ली त्यांना मावशी म्हणायला लागली. एका घरी धान्याच्या कणगीमागून साप निघाला. मावशी नागपंचमीला जिवंत नाग पुजणाऱ्या शिराळ्याकडच्या, म्हणून सगळ्यांनी आशेनं त्यांच्याकडं बघितलं, तर सगळ्यांच्या आधी मावशीच अंगणात! त्यावरून गल्लीनं त्यांना लय छळलं. त्या इतक्या हसल्या की डोळ्यांतनं पाणी आलं.

पण गाळ काय जन्मभर पुरतोय? घरं एकेक करून स्वच्छ होत चालली तसा माझा जीव खालीवर व्हायला लागला. मी सरळ विचारलं, इथंच राहा की आमच्यात. तर म्हणाल्या, “फुकट कुणाच्यात ऱ्हाऊ न्हाई, बाई. चार दिस गोड लागतंय, मग माणूस डोळ्यात सलतंय.”

शेवटचं घर झालं. सकाळी मावशी बोचकं बांधून आमच्या दारात निरोप घ्यायला आल्या. त्यांना वाटेत खायला चार भाकरी बांधाव्यात म्हणून मी पीठ काढायला मागच्या खोलीत गेले आणि किंचाळलेच. दोनदा फिनेल टाकून घासलेल्या माझ्या फरशीवर घमेलंभर नव्हे, चांगला ढीगभर ओला गाळ! कुणी केलं म्हणून तोंडाचा पट्टा सुटणार, तेवढ्यात सासूबाईंच्या पायांकडं लक्ष गेलं. गुडघ्यापायी पाण्याचा तांब्यासुद्धा न उचलणारी बाई, घोट्यापर्यंत चिखलानं माखलेली. दाराबाहेरच्या ढिगातनं तिनं तो ओढून आणलेला. माझ्याकडं असे डोळे वटारले की मी गप्प.

मग मावशींना म्हणाल्या, “आवं, ही खोली ऱ्हायलीच की. अशी टाकून कुठं निघालासा?”

मावशींनी गाळ बघितला. सासूबाईंचे पाय बघितले. मग बोचकं कोपऱ्यात ठेवलं आणि फावडं मागितलं.

आमचं अख्खं घर जेवढ्यात झालं त्याहून जास्त दिवस त्या खोलीला लागले. गाळ संपला तर सासूबाई म्हणायच्या भिंत ओली हाय, भिंत वाळली तर गिलावा धरंना. तोवर गल्लीनंही डाव ओळखला. कुणी जुनी खाट दिली, कुणी पत्रा. गवंड्यानं गल्लीकडं वेगळं दार काढून दिलं, म्हणजे जायला-यायला आमचं तोंड बघायला नको. कुलपाची किल्ली मावशींच्याच कमरेला. नवऱ्यानं कुरकुरत का होईना, पलूसला हेलपाटे मारून आमच्या पत्त्यावर त्यांचं रेशनकार्ड काढलं. मावशी परत भांगलणीला जायला लागल्या, येताना पदराच्या ओट्यात भाजी आणायच्या आणि हक्कानं माझ्या आमटीला नावं ठेवायच्या.

बोचकं मात्र कितीतरी महिने पायालाच. एक दिवस चहा द्यायला गेले तर ते खिळ्याला टांगलेलं. मी चहा तिथंच ठेवला आणि स्वयंपाकघरात येऊन पोटभर रडले.

पुढं पाणी पुन्हा आलं. तीच शाळा, तीच सतरंजी. शेजारी खालच्या गल्लीतली नवी सून, सगळ्यांना विचारत सुटलेली. ती मावशींकडं वळली आणि म्हणाली, तुमच्यात किती आलंय? त्यांच्या वतीनं काहीतरी बोलायला मी तोंड उघडलं.

मावशी जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, “आमच्यात छातीएवढं. मागच्या खोलीत तर लय गाळ बसणार बघ.”

सासूबाई पलीकडं डोळे मिटून पडल्या होत्या. तशाच म्हणाल्या, “बसू दे की. काढू सावकाश.”