गायरानाच्या कागदावरची सही
मित्रांनो, घरी येऊन दोन तास झाले, आता हे लिहायला बसलेय.

माळावरचं गवत आणि पक्षी वाचवायला आमच्या संस्थेला सरकारी अनुदान मिळालं, म्हणून आज मेढ्याजवळच्या एका गावात गायरानाला कुंपण घालायला गेले होते. पहिला खांब रोवला आणि कोयते घेतलेल्या माणसांनी आमची जीप घेरली.

एक म्हातारी पुढं आली. "पोरी, आमी गुरं कुठं चारायची? आमाला कुणी इचारलं?"

मी ग्रामसभेच्या संमतीचा कागद काढला, तिचं नाव विचारलं. कागदावर तिच्या नावापुढं झोकदार सही होती.

"मला कुठं सही येती? मी अंगठा उठवते."

आम्ही खांब उपटला, तेव्हा त्यांनी वाट सोडली.

तो कागद मीच, गावात जाऊन खात्री न करता, अनुदानाच्या अर्जाला जोडला होता. उद्या हे संस्थेच्या साहेबांना सांगायची आता कोयत्यांपेक्षा जास्त भीती वाटतेय. तुम्ही सांगितलं असतं का?