अर्धी लस

चंडीगडात सेक्टर ३९च्या सरकारी संस्थेत नरेंद्रनं जंतूंच्या मागे उमर घातली. गडी मूळचा अंबाजोगाईकडचा. प्रयोगशाळेत बाटलीला हात लावण्याआधी हात धुवायचा, आणि घरी कॉम्प्युटरला हात लावण्याआधीही धुवायचा. त्याची बायको शैलजा म्हणायची, "सासूबाईंचं सोवळं परवडलं."

त्याला कारण होतं. मागल्या साली कुणाच्या तरी फ्लॉपीतून व्हायरस शिरला आणि दोन वर्षांचं लिखाण एका दुपारीत मातीला मिळालं. तेव्हापासून दर रविवारी सकाळी टेलिफोनची तार कॉम्प्युटरला जोडायची आणि अँटिव्हायरसची ताजी फाइल उतरवून घ्यायची. तेवढा वेळ घरचा फोन मुका. उन्हाळ्यात झऱ्यातून वाटीवाटीनं घागर भरावी, तशी ती फाइल यायची.

त्या रविवारी गावाकडे आईचं ऑपरेशन होतं. ते उरकलं की दुपारनंतर थोरला भाऊ राजाभाऊ बूथवरून फोन करणार होता. तोवर आपलंही आटोपेल, म्हणून नरेंद्रनं तार जोडली. पण लाइन मरतुकडी निघाली. दुपार झाली तरी पडद्यावरची पट्टी निम्म्यावर.

तो उठला, बसला, पुन्हा उठला. गॅलरीत गेला. खाली अमलतास, म्हणजे गावाकडचा बहावा, पिवळाजर्द लोंबत होता. त्याच्या डोळ्यांत तो शिरलाच नाही.

"तोडा ना ते," शैलजा म्हणाली. "भाऊजी लावत असतील."

"अर्ध्यात कसं तोडू? गोळ्यांचा कोर्स अर्धा सोडला की जंतू माजतात. मग कुठलंच औषध लागू पडत नाही."

"अहो, यंत्र आहे ते! त्याला काय ताप आलाय?"

"पापा, फिर से हो जाएगा यार," मुलगी आसावरी आतून ओरडली.

"तुला काय कळतंय!" तो खेकसला.

पूर्वी गावात फोन एकच, वाण्याकडे. नरेंद्र त्याच पीपी नंबरावर, म्हणजे दुसऱ्याच्या फोनवर, ठरल्या वेळी आईला फोन करायचा. आई कितीतरी आधी जाऊन वाण्याच्या ओट्यावर बसायची. पोराची रिंग रिकामी जाऊ नये म्हणून. ऊन असो, थंडी असो. त्याला तो ओटा आठवला, त्यावरचं तिचं पाय दुमडून बसणं आठवलं.

त्यानं तार उपटली आणि फोनला जोडली.

हात बाजूला व्हायच्या आत फोन वाजला.

"नंद्या, आरं कुणाशी बोलतूस येवढं? सकाळधरनं लावतोय. बूथवाला बी हसाय लागला."

"दादा, आई?"

"बरी हाय. शुद्धीवर आली. सकाळी दवाखान्यात नेताना बूथपाशी म्हणली, नंद्याचा आवाज ऐकव. तुझी लाइनच लागंना. म्हणलं, कामात आसंल."

"संध्याकाळी बोलता येईल तिला?"

"दवाखान्यात फोन आणायचा कुठनं? घरी आली की बूथवर आणतो."

"मग लिहून घे. पीपी नंबर देतो, शेजारच्या म्हाताऱ्या बीबीजींचा."

"आरं, घरात फोन हाय न्हवं तुझ्या?"

"हाय की," नरेंद्र म्हणाला. इतक्या वर्षांत त्याच्या तोंडी गावची बोली आली नव्हती. "पण रविवारी त्यो आजारी असतो."

फोन ठेवून त्यानं चपला पायात सरकवल्या. नंबर देऊन झाला होता. बीबीजींना विचारायचं अजून राहिलं होतं. मागे पडद्यावर पट्टी निम्म्यावरच उभी होती.