आबांच्या काठीएवढा चर

वीसेक वर्षं मी एका विहिरीचं पाणी तोंडात घेतलं नाही. खालच्या गावात लग्न असो की सत्यनारायण, बाटली घरूनच न्यायची. कडा गावी पाइप-मोटारींचं दुकान टाकल्यापासून याचे नखरे वाढले, असं लोकांना वाटायचं. खरं कारण एक चर होता.

दुसऱ्यांच्या हाताखाली टिकाव मारून झाल्यावर मी पहिल्यांदाच स्वतःच्या जबाबदारीवर काम घेतलं होतं. खालच्या गावचे आबा म्हणजे बडे जमीनदार. पाझर तलावाखाली त्यांची विहीर. तिथून माळाच्या पायथ्याला त्यांच्या वरच्या शेतापर्यंत पाइप गाडायचा होता. त्या कामासाठी मी नवीकोरी लोखंडी टेप विकत घेतली होती. आबांकडे मात्र काठी होती. दर वीस पावलांवर थांबायचे, काठी चरात उभी सोडायचे, मूठ जमिनीखाली गेली तर काम पसंत. सहा ठिकाणी मूठ वर राहिली. सहाही ठिकाणी मला पुन्हा खोदायला लावलं. तिसऱ्या ठिकाणी मी टेप लावून दाखवली, चर ठरल्याप्रमाणे होता.

आबा म्हणाले, "टेप तुझी हाय, काठी माझी. आन् पाइपबी माझाच हाय."

मी खोदलं. पण त्या दिवसापासून त्यांच्या विहिरीचं पाणी मला वर्ज्य.

आमची वस्ती वर माळावर. आम्ही मेंढरंवाले. वस्तीची विहीर शिमग्याला तळ दाखवते, मग टँकरची वाट बघायची. टँकरमधून माणसांचं भागतं, मेंढरांचं नाही. यंदा थोरला भाऊ दुकानात आला, खुर्चीत न बसता म्हणाला, "पाडव्यापतोर पानी आलं तर ठीक. न्हाई तर समदी मेंढरं आष्टीच्या बाजारात उभी करतो."

दादा असं उगाच बोलत नाही. आमच्या घरात मेंढरं नाहीत असा दिवस कुणी पाहिलेला नाही. आणि पाण्याचं बघायचं तर वस्तीवर पाइपातलं कळणारा मीच.

तलावाखाली पाणी जास्त आहे, हे सगळे म्हणायचे. जास्त म्हणजे किती, हे कुणी मोजलं नव्हतं. वस्तीवर पोचेल इतकं आणि उन्हाळ्यात टिकेल असं पाणी असलंच तर आबांच्याच विहिरीला. विहीर उपसून बघू का, असा मी त्यांच्याकडे निरोप पाठवला, स्वतः गेलो नाही. परवानगी आली. विहिरीच्या आतल्या अंगाला पाण्याच्या पातळीवर चुन्याची रेघ ओढली आणि दिवसभर मोटार चालवून उपसा केला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी पुन्हा रेघेला. मी तिथंच मांडी थोपटली.

पण सगळ्या विहिरी त्या एकाच तलावाच्या झऱ्यांवर. आबांच्या विहिरीतून जास्त ओढलं तर शेजारच्या उतरणार, म्हणून अख्ख्या गावाचा होकार हवा होता. बैठक विहिरीच्या कठड्यापाशीच बसली.

"आज प्यायला म्हनताल, उद्या वर ऊस लावताल," एक जण म्हणाला. कड्याचा कारखाना जवळ, त्यामुळे भीती खोटी नव्हती.

मी म्हणालो, पाच एचपीच्या वर मोटार बसवणार नाही. म्हणजे माझ्या मनात पाचचीच होती, पण सुरुवात साडेसातपासून केली आणि त्यांनी ओढून पाचवर आणल्याचं समाधान त्यांना दिलं. पहिल्या रेघेखाली दुसरी रेघ मारू, पाणी तिथं उतरलं की मोटार बंद. स्टार्टरच्या पेटीची किल्ली तुमच्याच गावात. सगळं जुळत आलं होतं.

तेवढ्यात मागून कुणीतरी बोललं, "कशापायी एवढी धडपड, रं? दुकानातले पाइप खपंनात का?"

माझं डोकं गेलं. हातात तीच जुनी टेप होती. ती मी विहिरीत भिरकावली.

धप्पकन आवाज आला. आबा कठड्यावरून वाकून बघत म्हणाले, "झालं का मोजून?"

सगळं गाव हसलं. मी चपला शोधू लागलो. तेव्हा इतका वेळ तंबाखू मळत बसलेला दादा उठला. "दर साली आमची मेंढरं तुमच्या रानात बसवतो. धान्य नको, पैका नको. पानी द्या."

रात्रभर मेंढरं शेतात बसवली की लेंड्यांचं खत रानाला मिळतं. त्यासाठी लोक मेंढरंवाल्याला धान्य मोजतात, वर चहा पाजतात. मग काय, पाण्याचा वाद तिथंच मिटला आणि पहिल्यांदा मेंढरं कुणाच्या रानात, यावर नवा सुरू झाला. एवढी घासाघीस करणारा मी, आणि बाजी मारली दादानं!

राहिली पाइपलाइन. आबा म्हणाले, "नवा चर कशाला? माझी जुनी लाइन पायथ्यापतोर हाय. तिथनं पुढं तुमी जोडा. एकदाबी फुटली न्हाई."

कुणालाही आनंद झाला असता. मला मात्र त्या लाइनीतली माझी लबाडी आठवली. सहावं ठिकाण पुन्हा खोदून झाल्यावर वरच्या शेतात कठीण खडक लागला होता, आणि मी संतापलेलो होतो. मी आबांची पावलं मोजली. बरोबर विसाव्या पावलावर काठीएवढा खड्डा घेतला, मधला चर वीतभर उथळ ठेवला. काठी प्रत्येक वेळी आत गेली. त्या पट्ट्यात आता नांगराचा एक फाळ लागला तर दादाच्या मेंढरांचं पाणी शेतात सांडणार होतं.

"एकदा लाइन बघून घेऊ," मी म्हणालो.

आबा काठी टेकत पुढं, मी मागं. वरच्या शेतात पोचलो तर सगळं रान नांगरलेलं, आणि मधोमध गवताचा एक लांब पट्टा सोडलेला. नेमका तोच.

"इचार की, हितं नांगर का न्हाई घातला."

"आबा, इथं खडक लई कठीण व्हता."

"खडक व्हता, आन् तू माझी पावलं मोजलीस."

"तुमाला कवा कळलं?"

"पयल्याच पावसात. माती दबली आन् दर वीस पावलांवर येक खळगा. रांगोळीचे ठिपके जनू."

"मग बोलला का न्हाई?"

"तू येत व्हतास का समोर?" मग काठीनं गवत बाजूला करत म्हणाले, "मी हाय तोवर ठीक. पोरगं ट्रॅक्टरवर बसलं की कुठं बघतंय."

तो पट्टा आम्ही पुन्हा खोदला. खाली पाइप, त्यामुळे जेसीबी लावता येईना; पहार आणि टिकाव. पाइप उचलून बाजूला घेतला, खडक फोडला, पाइप परत खाली बसवला. पहार मी स्वतः धरली. आबा आता सात पावलांवर थांबायचे, मग तीनवर, मग मागं फिरून अकरावर. सगळीकडे मूठ आत गेली.

पाडव्याच्या चार दिवस आधी वस्तीच्या हौदात पाणी पडलं. दादानं मेंढरं हौदावर आणली आणि बाजाराचं नाव काढलं नाही. वहिनीनं तांब्या पुढं केला. उन्हातून आलो होतो, घटाघटा प्यालो. ते कुठलं पाणी, हे तांब्या रिकामा झाल्यावर लक्षात आलं.

तरी एक गोष्ट सांगून ठेवतो. तिसऱ्या ठिकाणी चर बरोबर होता. आबांना मी ते अजूनही ऐकवतो, आणि ते म्हणतात, "आण तुझी टेप, मोजू." टेप विहिरीच्या तळाशी. पाणी तळाला गेलं तरच ती सापडणार, म्हणून दर उन्हाळ्यात मी कठड्यावरून वाकून बघतो आणि ती दिसत नाही याचं मला बरं वाटतं.