अण्णांच्या लाल गाडीवरचा ओरखडा

परवा पिंपळगाव राजाला माहेरी गेले होते. भाच्याने शेडचं दार उघडलं, गाडीवरची गोधडी बाजूला केली आणि म्हणाला, "आत्या, पेंटरले देऊन राह्यलो. थो दारावरचा ओरखडा बी जाते, पाह्य कशी नवीकोरी होते!"

मी चहा तसाच ठेवून बुलढाण्याला परत आले. दोन दिवस झाले, जिवाला चैन नाही... नुसती घरात येरझारा घालतेय. मुलगी वैतागून म्हणाली, एवढं काय आहे त्या ओरखड्याचं, लिहून तरी टाक एकदाचं.

तर ही गाडी माझ्या वडिलांची, अण्णांची. महाराष्ट्र होऊन आठ-दहा वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. इटलीत बनलेली, दोन सीटची, लालभडक, बुटकी... एका संस्थानिकाकडून ती अण्णांकडे आली. आमचे गाडीचे मिस्त्री सांगायचे, अख्ख्या देशात अशा दोन-तीनच असतील.

आणि अण्णांनी काय केलं? शेडमध्ये ठेवून वर गोधडी घातली! रविवारी पुसायची, पाच मिनिटं इंजिन चालू करायचं आणि दसऱ्याला मारुतीच्या देवळापर्यंत न्यायची... बस.

मिस्त्री म्हणजे खामगावचे रहीमचाचा. दर वेळी चिडायचे. "पाटील, पळायसाठी बनवेल गाडी हाय हे. इले मूर्तीसारखी काऊन बसवून ठेवली?" अण्णांचं उत्तर ठरलेलं, "एकच हाय मिस्त्री. खरचटली त दुसरी आणू कुठून?"

मी पक्की अण्णांच्या बाजूची. एकोणीस वर्षांची घोडी झाले होते, पण गाडीला कुणी बोट लावलं की अंगावर धावून जायची. सख्ख्या भावाला कधी आत बसू दिलं नाही मी!

त्या वर्षी अण्णांना काचबिंदू निघाला. एक डोळा जवळपास गेलाच होता, दुसऱ्याला बाजूचं दिसत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, आहे ते वर्षभर टिकलं तरी पुष्कळ. अण्णा घरी आले आणि आठ दिवस नुसते शेडमध्ये गाडीजवळ बसून राहिले.

दसरा आला. आई आणि मी झेंडूची भली जाड माळ केली, तीन पदरी, मध्ये आंब्याची पानं... आणि गाडीच्या तोंडावर आवळून बांधली. चाकाखालचं लिंबू चिरडलं, नारळ फुटला आणि अण्णा मला म्हणाले, "बस माह्या बाजूले. आज राजूरच्या घाटात पळवतो इले. डावीकडचं तू सांगजो."

तेव्हा माझ्या तोंडून काय निघालं माहितेय? "अण्णा, गाडीले काही झालं त?"... गाडीचं विचारलं मी! त्यांच्या डोळ्यांचं नाही. त्याची मला आजही लाज वाटते. अण्णा म्हणाले, "होऊ दे."

मोताळा गेलं. सणाचा दिवस, रस्ता मोकळा. घाट लागला आणि दुसऱ्याच वळणावर इंजिनाच्या गरमीचा काटा लाल रेघेवर, पुढून भसाभस वाफ... गाडी बंद.

अण्णा कडेच्या दगडावर बसले. "उभी ठेवू ठेवू मारली मी इले. मिस्त्री सांगून थकला, म्या ऐकलं नाई..." आमच्या अण्णांना असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मला रागच आला, गाडीचा, देवाचा, सगळ्यांचाच. नुसत्या फेऱ्या मारत होते गाडीभोवती... आणि हात माळेवर पडला. झेंडू उकडल्यासारखा गरम!

अगं बाई! गाडीचं तोंडच आम्ही बांधून टाकलं होतं. रेडिएटरला वारा लागणार कुठून? पूजेची माळ त्याच दिवशी काढू नये म्हणतात, पण मी गाठी दातांनी तोडल्या आणि सगळा झेंडू दरीत भिरकावला.

इंजिन निवलं. शेतातल्या एका बाईने कळशीभर पाणी दिलं, ते ओतलं. अण्णांनी किल्ली फिरवली... आणि काय सांगू! तो आवाज मी तोवर ऐकलाच नव्हता. रविवारच्या पाच मिनिटांत तो कधी निघालाच नव्हता.

मी "डावीकडे दगड, अण्णा, दगड!" म्हणून ओरडत होते... आणि अण्णा चक्क हसत होते. मग मलाही हसू फुटलं. त्या हसण्यात एक वळण सांगायचं राहिलं आणि बाभळीची फांदी दारावरून करकरत गेली.

बुलढाण्याला उतरल्यावर दार बघून मी रडायच्या बेतात. अण्णांनी ओरखड्यावरून सावकाश बोट फिरवलं आणि म्हणाले, "चाल, चहा पिऊ."

पुढच्या दसऱ्याआधीच अण्णांना दिसेनासं झालं. रोज सकाळी भिंत धरून शेडमध्ये जायचे, गाडीवरून हात फिरवायचे. पुसून पुसून एवढी गुळगुळीत केलेली गाडी, बोटांना काहीच लागायचं नाही... लागायचा तो फक्त ओरखडा. तिथे हात थांबला की म्हणायचे, "इथं तू हसून राह्यली होती."

आज सकाळी भाच्याला फोन केला. म्हटलं, बाकी गाडी नंतर हवी तशी रंगव, पण त्या दाराला हात लावशील तर याद राख. आणि ती गोधडी कायमची काढ, रविवारी गाडी घेऊन मला न्यायला ये... घाटाने.

येतो म्हणालाय, इंजिन त्याने अजून चालतं ठेवलंय. रविवारला अजून तीन दिवस आहेत आणि मी आत्ताच दोनदा फाटकापर्यंत जाऊन आले. अण्णा, त्या दिवशी मला शेजारी बसवलंत... डावीकडचं अजून मीच सांगणार आहे.